अक्काचा पाय गरम झाला होता

अक्का गेली त्या सकाळी ती माझ्यावर रागावलेली होती. कारण अगदी साधं. तिच्या खाटेशेजारची खिडकी मी उघडली नव्हती. आमच्या धुळ्याची धूळ नुसती नावातच नाही, म्हणून ऊन वर येईपर्यंत मी ती बंद ठेवायचे, आणि तिला ती उजाडल्यापासून उघडी लागायची. "एखाद्या डब्यात घालून झाकण लाव मला, म्हणजे तुझं घर स्वच्छ राहील," असं म्हणाली. मी खिडकी उघडली, पिशवी उचलली आणि दूध आणायला खाली उतरले. वाटेत कुणी भेटलं नाही, दूधवाल्याकडे गर्दी नव्हती, गेले तशी परत आले. अक्का उशीला टेकून खिडकीकडे तोंड करून बसली होती. अजून रागात असेल असं समजून मी चहा टाकला आणि स्वयंपाकघरातूनच काहीबाही बोलत राहिले… शेजारणीच्या मुलाचं लग्न ठरल्याचं सांगितलं, शेंगदाणे महागल्याचं सांगितलं. कप तिच्यापुढे धरला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, फार त्रास झाला नसावा. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, एवढं मात्र मी नीट पाहून घेतलं.

त्याला आता महिना उलटून गेला. भेटायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना आठवते ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीत बसलेली, एका पायाची इंदूअक्का. त्यांचा काही दोष नाही, त्यांनी तिला तशीच पाहिली. पण मला ते ऐकताना चुकल्यासारखं होतं. माझी थोरली बहीण म्हणजे चालणारी बाई. आई मी लहान असतानाच गेली आणि अक्कानेच मला मोठं केलं. तिचं लग्न झालं होतं, पण नवरा विषमज्वराने गेला आणि ती पारोळ्याजवळच्या आमच्या गावी परत आली. गावात परत आलेल्या मुलीने ओसरीच्या आत राहायचं, असा तो काळ. आमच्या वडिलांनी, आबांनी, तिला तसं राहू दिलं नाही. नर्सिंगच्या शिक्षणाला घातलं. पुढे तिला सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नेमणूक मिळाली, आणि तिथून बदली मागायचं तिने कधी मनातही आणलं नाही.

उपकेंद्र म्हणजे कौलारू दोन खोल्या. खरं काम पाड्यांवर. लसींचा डबा खांद्याला अडकवायचा, बाळंतपणाची पिशवी हातात घ्यायची आणि निघायचं. नाले ओलांडून, सागाच्या झाडीतून, कोरडवाहू शेतांच्या बांधांवरून. शाळेच्या सुट्टीत मी तिच्याकडे जायचे आणि हट्टाने तिच्याबरोबर निघायचे. अर्ध्या वाटेत माझे पाय दुखायला लागत. मी एखादा दगड बघून टेकले, की ती मागे वळूनही न पाहता ओरडायची, "बसू नको वं शकू, बसनी का पाय जड व्हतस!" घरी आम्ही बहिणी अहिराणीच बोलायचो. पाड्यावरच्या बायकांशी ती त्यांच्या बोलीत बोलायची आणि साहेब आले की पुस्तकातलं मराठी. पण चालताना मात्र अहिराणीच यायची तिच्या तोंडात, आणि चालताना ती नेहमी आनंदात असायची.

चाळिशी ओलांडल्यावर तिला मधुमेह निघाला. तिने तो फार मनावर घेतला नाही. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून, स्पिरिटच्या दिव्यावर नळी तापवून रंग बघायचा आणि त्याप्रमाणे सुई टोचून घ्यायची, हे तिच्या अंगवळणी पडलं. त्यानंतर काही वर्षांनी तिकडची माणसं म्हणायला लागली की नर्सबाई आताशा फार बोलक्या झाल्यात. चालता चालता थांबतात, कुणाच्या शेतातल्या ज्वारीची चौकशी करतात, कुणाची शेळी व्याली का विचारतात. ती का थांबत होती ते तिने आम्हाला खूप नंतर सांगितलं. थोडं चाललं की उजव्या पोटरीत कुणी आतून पिळा घालावा तशी कळ यायची. उभं राहिलं की कळ जायची. पुन्हा चाललं की पुन्हा यायची. शेळीची चौकशी करायची ती त्या कळेच्या वेळात.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. दिवाळीला ती माझ्याकडे धुळ्याला आली. नवी चप्पल अंगठ्याला लागली होती आणि ती जखम भरतच नव्हती. फराळाची धांदल आटोपून मी खोलीत आले तर ती खाटेवर पाय वर घेऊन बसलेली, आणि स्वतःच्या पावलावर दोन बोटं ठेवून डोळे मिटून काहीतरी शोधत होती. बोटं जरा सरकवायची, थांबायची, पुन्हा सरकवायची.

"इकडे ये," ती म्हणाली. "तुझा पाय दे."

मी पाय पुढे केला. तिने माझ्या पावलावर बोटं ठेवली आणि लगेच मान हलवली. मग पुन्हा स्वतःच्या पावलावर ठेवली.

"तुना पायमा शे," ती म्हणाली. "मना पायमा नही शे."

"काय नही?"

"नाडी."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाड्या पाहिलेल्या बाईने ते इतक्या शांतपणे सांगितलं, की मला आधी त्याचा अर्थच लागला नाही. अर्थ लागला तो जळगावच्या सर्जनकडे. मांडीतली मोठी रक्तवाहिनी बंद झाली होती. जुन्या नळात जसा थर चढत जातो तसं, डॉक्टर म्हणाले. दुसरीकडून रक्ताची वाट जोडायची शस्त्रक्रिया होती, पण तिच्या हृदयाला ती झेपेल अशी त्यांना खात्री नव्हती. अशा पायांचं शेवटी काय होतं ते अक्काला कुणी सांगायची गरज नव्हती. मग डॉक्टर म्हणाले, "मुंबईत आता एक नवीन उपचार सुरू झालाय. लेझर. पाय न कापता आतला अडथळा जाळतात म्हणे. मी स्वतः पाहिलेला नाही… पण तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी पाठवली असती."

आम्ही गेलो. माझ्या यजमानांनी कचेरीतून रजा काढली आणि तिघं एसटीने निघालो. कसाऱ्याचा घाट उतरताना अक्का दुखरा पाय सीटखाली लोंबता सोडून बसली होती. वर घेतला की जास्त ठणकायचा. मुंबईच्या डॉक्टरांचं वय आमच्या अंदाजापेक्षा बरंच कमी निघालं. त्यांनी कागदावर पाय काढून दाखवला. जांघेतून एक बारीक नळी सरकवायची, तिच्यात केसासारखी तार, तारेच्या टोकाशी लेझरची उष्णता, आणि वाट मोकळी झाली की आत छोटा फुगा फुगवून ती रुंद करायची. "उघडेल असं वाटतं," ते म्हणाले. "उघडी किती दिवस राहील ते मला सांगता येणार नाही. कुणालाच अजून सांगता येत नाही." अक्काने विचारलं, "मला पुन्हा पाड्यावर जाता येईल का?" त्यांना पाडा म्हणजे काय ते कळलं नसावं, पण ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

भूल फक्त जांघेपुरती होती. ती सगळा वेळ जागी होती. बाहेर बाकावर बसून मी काय काय नवस बोलले ते आता आठवत नाही. नंतर तिने सांगितलं ते मात्र शब्दन्‌शब्द आठवतं. आत सगळ्यांनी काळे चष्मे घातले होते, डॉक्टरांनी, नर्सनी, आणि तिलाही घातला होता. "मी म्हटलं, सिनेमातल्या बायांसारखी दिसत असेन." मग मांडीत ऊब सुरू झाली. चटका नव्हता. थंडीत चुलीपुढे पाय धरून बसल्यासारखं, फक्त ती चूल पायाच्या आत होती. डॉक्टर कुणाला तरी म्हणाले, गेली, गेली पलीकडे… आणि तिला कळलं की तार पलीकडे गेली.

तिला खाटेवर आणून निजवलं तेव्हा मी पहिल्यांदा चादर बाजूला केली. कित्येक महिने मी त्या पायाला तेल लावत होते. प्रत्येक वेळी हाताला माठाला शिवल्यासारखं गार लागायचं. त्या दिवशी तो पाय गरम होता. माझ्या हातापेक्षाही गरम. मी काही बोलायच्या आत अक्काने मला नर्सला बोलवायला लावलं, पाय हलवायची परवानगी नव्हती म्हणून त्या मुलीला सांगितलं, बाई, तू बघ. त्या मुलीने पावलावर बोटं ठेवली आणि हसली. अक्का एकदम रडायला लागली. "शे वं शकू, शे!" ती म्हणत राहिली. पूर्ण वॉर्ड आमच्याकडे बघत होता.

पुढचे काही महिने चांगले गेले. अंगठा भरून आला. ती कामावर रुजू झाली. मी मुद्दाम तिच्याकडे गेले तर मला घेऊन ती एका पाड्यावर निघाली, आणि नाला ओलांडून वर चढेपर्यंत एकदाही थांबली नाही. एक म्हातारा बांधावर उभा होता, त्याने हाक मारली, तर अक्का चालता चालताच त्याला उत्तर देऊन पुढे गेली. म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "नर्सबाई नाराज शे का आमनावर?" मी हसत सुटले. किती दिवसांनी हसले होते.

थंडीत तिचा निरोप आला की येऊन जा. गेले तेव्हा तिने त्या पायात दोन मोजे घातले होते. तिनेच मोजे काढले आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला. गार होता. पुन्हा मुंबई, पुन्हा तोच बाक. या वेळी तार पलीकडे गेलीच नाही. आधीपेक्षा लांबपर्यंत सगळं बंद झालं होतं. ते तरुण डॉक्टर तिच्या खाटेजवळ आले. म्हणाले, "आम्हीही अजून शिकतोच आहोत, सिस्टर." ते तिला पहिल्यापासून सिस्टर म्हणायचे. अक्का म्हणाली, "शिका. आणि माझ्यानंतर जी बाई येईल तिलाही मला सांगितलंत तसं खरं सांगत जा."

अंगठा काळा पडला, मग शेजारची बोटं. पाय कापायचा निर्णय तिने एकटीने घेतला, धुळ्यातच, आणि आम्हाला नुसतं सांगितलं. गुडघ्याखालून गेला. तिला मी माझ्याकडे आणलं, दुसरा प्रश्नच नव्हता. पण आमच्या इमारतीचा जिना बाहेरच्या माणसाने पाहायला हवा. अरुंद, अंधारा, उभा, आणि मधे असं वळण की खुर्ची आडवी होते आणि उभी धरली की माणूस घसरतं. शेवटी चार जणांनी तिला चादरीत घालून वर आणलं. वळणावर तिचा खांदा भिंतीला घासला. चादरीतून तिचं तोंड दिसत नव्हतं. खाटेवर ठेवल्यावर सगळे गेले, तेव्हा म्हणाली, "आता अशी परत खाली नेशील ती मेल्यावर ने."

आणि तिने ते पाळलं. जखम भरायलाच इतका वेळ लागला की कृत्रिम पायाचा विचार मागे पडला, आणि पुढे दुसऱ्या पायावर भार टाकू नका म्हणून डॉक्टरांनीच सांगितलं. जिने सातपुड्याच्या पायथ्याला पाड्यामागून पाडे पालथे घातले, तिचं जग खाट, खिडकी आणि भिंत धरून मोरीपर्यंत एवढं उरलं. खिडकीतून गल्लीचा एक तुकडा दिसायचा, समोरच्या घराची पत्र्याची पन्हळ आणि रिक्षांची टपं. ती त्या तुकड्यातून जाणाऱ्या माणसांच्या चाली बघत बसायची. "तो बघ, डावा पाय वाचवतोय," म्हणायची. "त्याला सांग कुणीतरी."

मीही अडकलेच की. आज ते लिहायला हरकत नाही, तिच्या तोंडावरही मी ते बोललेय. मी बालवाडीत शिकवत होते, ते सोडलं. बाजारात गेले की अर्धी भाजी घेऊन परत. सुईची वेळ, जेवणाची वेळ, ड्रेसिंगची वेळ. माहेरची लग्नं, सासरची बारशी, सगळीकडे हे एकटे जायचे. कधी कधी संताप व्हायचा. एकदा मी भांडं आपटलं तेव्हा अक्का म्हणाली, "तू जा ना कुठेतरी. मी काय पळून जाणार आहे?" आम्ही दोघी इतक्या हसलो की डोळ्यांत पाणी आलं.

एका रंगपंचमीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. खालच्या मजल्यावर रेखा नावाची मुलगी राहायची, तिचे दुसऱ्यांदा दिवस भरत आले होते. दुपारी गल्लीत रंगांचा धुमाकूळ चालला होता. अक्का एकदम म्हणाली, "गप. ऐक." मला काही ऐकू आलं नाही. तिला आलं. जिन्यातून वर येणारं कण्हणं. मी खाली धावले तर रेखाचा नवरा रिक्षा शोधायला गेलेला, म्हातारी सासू हात जोडून देवापुढे बसलेली, आणि रेखा जमिनीवर. मी वर येऊन सांगितलं. रंगाच्या दिवशी रिक्षा कुठली मिळायला!

"पाणी ठेव," अक्का म्हणाली. "नवं ब्लेड घे, दोरा उकळ. आणि मला जिन्यापाशी सरकव."

"अगं, माणसं कुठून आणू? सगळे रंगात…"

"उचलू नको माले. मी उतरसू."

ती वरच्या पायरीवर बसली. दोन्ही हात मागे टेकले, आणि बसल्या बसल्या एक पायरी खाली घसरली. मग आणखी एक. उरलेला पाय पुढे, कापलेल्या पायाचं टोक जपून वर धरलेलं. वळणावर, जिथे तिचा खांदा भिंतीला घासला होता, तिथे ती कूस बदलून सहज सरकली. मी पुढे होते, तिला धरायला. तिने मला धरू दिलं नाही. "तू पाणी बघ," एवढंच. रेखापाशी पोचली तेव्हा तिचं लुगडं मातीने भरलं होतं आणि श्वास वर चढला होता. पण तिचा आवाज मी ओळखला… पाड्यावरचा आवाज. बाळाच्या गळ्याभोवती नाळ होती. अक्काने बोट घालून ती सोडवली, जशी आपण पोरीच्या गळ्यातली अडकलेली माळ सोडवतो. मुलगी झाली. क्षणभर रडली नाही, मग अशी रडली की बाहेरचा गलका थांबल्यासारखा वाटला.

संध्याकाळी रंगलेली चार पोरं तिला वर न्यायला आली. तिने त्यांना परत पाठवलं. उलटी बसून, हातांवर भार देत, एकेक पायरी वर चढली. वर पोचल्यावर म्हणाली, "किती मूर्ख गं आपण! हे आधीच का नाही सुचलं?"

त्यानंतर ती रोज दुपारी खाली उतरायची. शेवटच्या पायरीवर बसायची. रेखा बाळाला तिच्या मांडीवर आणून ठेवायची, गल्लीतल्या बायका आपली दुखणी घेऊन यायच्या. त्या दिवसांत ती मला बरीचशी परत मिळाली होती. पण ते फार काळ टिकलं नाही. दुसऱ्या पायाच्या पोटरीत कळ सुरू झाली. चालतच नव्हती ती, तरी सुरू झाली. मग हातांचा जोरही गेला, आणि ती पुन्हा खिडकीपाशी आली. शेवटच्या वर्षी एकदा ड्रेसिंगला आलेल्या डॉक्टरांना तिने विचारलं, "ते लेझर अजून करतात का हो पायाला?" ते म्हणाले, आता फारसं कुणी करत नाही, वाटा पुन्हा बंद होतात असं दिसलं. ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. मग म्हणाली, "माझी सहा महिने उघडी होती. मी चालून घेतलं."

गेल्या आठवड्यात सावद्याला नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता. हे म्हणाले, तू जा, जरा बाहेर पड. सकाळी मी धुळ्याच्या स्टँडवर सावद्यावरून जाणाऱ्या रावेरच्या गाडीत बसले, खिडकीची जागा मिळाली. किती दिवसांनी एकटी कुठे निघाले होते. शेतं मागे जात होती, डोळ्यांवर झापड आली. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी लागली आणि मी दचकून जागी झाले, घड्याळ बघितलं, आणि पिशवी घेऊन उठले. कंडक्टर म्हणाला, "अक्का, तुमचं तिकीट तर सावद्यानं शे ना?" मी म्हटलं, "घरी पेशंट आहे, सुईची वेळ झाली." त्याने लगेच दार उघडून धरलं, "मग उतरा, उतरा, धुळ्याची गाडी तिकडे लागते."

मी उतरले. गाडी निघून गेली. धुळ्याच्या गाडीच्या फलाटाकडे मी निम्म्याहून जास्त चालत गेले होते, तेव्हा कुठे आठवलं.